‘उशीर झाला’ हे खरं, पण ‘गुन्हा कबूल’ कशाला?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा :

“माझे यजमान पायदळात नाईक आहेत. नोकरी 13 वर्षं 4 महिने झाली. 30 दिवसांच्या रजेवर आले होते. रजा संपायला तीन दिवस असताना सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. साताऱ्यात दवाखान्यात 31 दिवस ठेवलं, पण ते गेले. हे एकुलते एक. दिवसकार्य झाल्यावर वारसनोंद आणि उसाच्या तोडीसाठी आणखी नऊ दिवस थांबले. मग स्वतःहून पंजाबला पलटणीत जाऊन हजर झाले. एकूण 52 दिवस उशीर झाला. तेराव्याच्या आदल्या दिवशी पोलीस घरी कागद घेऊन आले होते, सगळ्या गावानं बघितलं. आता ते क्वार्टर गार्डात अटकेत आहेत. फोनवर म्हणाले, समरी कोर्ट मार्शल होणार आहे, सगळे सांगतात कबूल करून टाक, अर्ध्या तासात मिटेल. चुलत दीर म्हणतात, साध्या कोर्टात केस आणू. तालुक्याच्या गावातला एक जण म्हणतो, दोन लाख द्या, वरून मिटवतो. ह्यांची पेन्शन जाईल का? जेल होईल का? मी काय करू?”

ताई,

तुमचं पत्र रात्री वाचलं, सकाळी उठून परत वाचलं. मी पलटणीत 28 वर्षं काढली आणि सुभेदार होऊन पेन्शनीत आलो. वकील नाही. पण ज्या खोलीची तुम्हाला धास्ती वाटते आहे, त्या खोलीत मी बसलेलो आहे. म्हणून एक गोष्ट आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तुमच्या यजमानांवर आरोप लागेल तो बहुतेक आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 39 खालचा. त्यात रजेबद्दल लिहिलं आहे ते नीट ऐका. ‘रजेपेक्षा जास्त दिवस राहिला’ एवढंच म्हणून कायदा थांबत नाही. ‘पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त दिवस राहिला’ असं तो म्हणतो. सगळी केस त्या ‘पुरेशा कारणाशिवाय’ या दोन शब्दांवर उभी आहे. जो जवान गुन्हा कबूल म्हणतो, तो फक्त उशीर कबूल करत नाही. माझ्याकडे पुरेसं कारण नव्हतं, हेही तो कबूल करतो. बाप दवाखान्यात पडला होता आणि घरात दुसरा गडी नव्हता, तरी पोरगा सही करून देतो की कारण नव्हतं. अर्ध्या तासात मिटतं ते असं मिटतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साल सांगत नाही, पलटणही सांगत नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये कोर्ट म्हणजे एकटे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर. सोबत दोन जण बसतात, ऑफिसर किंवा जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), पण त्यांना शपथ नसते की मत नसतं. त्या दिवशी त्या दोघांतला एक मी होतो. टेबलावर हिरवं कापड. पोराला आत आणलं, डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही, दोन बाजूंना एस्कॉर्ट. आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल है या नहीं? पोरगं म्हणालं, “जी साहब, लेट आया था.” खरं तेच बोललं बिचारं. कागदावर मात्र त्याचं ‘गिल्टी’ झालं. वीस मिनिटांत तीन महिन्यांची कैद आणि डिसमिस. संध्याकाळी त्याची पेटी उघडून सामान मोजून घेताना कपड्यांच्या तळाशी एक पिवळा लिफाफा निघाला. आईच्या ऑपरेशनचे कागद, तारखांसकट. ते त्यानं कुणाला दाखवले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. मला त्या खोलीत मत नव्हतं हे खरं. पण आदल्या रात्री क्वार्टर गार्डात जाऊन “बाळा, तुझ्याकडं काही कागद आहेत का” एवढं विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं. ते मी विचारलं नाही. तेव्हापासून अशी केस कानावर आली की पहिला प्रश्न मी कागदांचाच विचारतो.

आता तुमच्या यजमानांचं पुढं काय काय होईल ते सांगतो, म्हणजे कुठल्या पायरीवर काय करायचं ते तुम्हाला कळेल.

आधी पोलीस घरी का आले ते. जवान वेळेवर हजर झाला नाही की पलटण त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना कागद पाठवते, ॲप्रिहेन्शन रोल म्हणतात त्याला. तो सगळ्यांच्या बाबतीत जातो. तुमच्या यजमानांना काही वेगळं धरलेलं नाही. तीस दिवस उलटले की कलम 106 प्रमाणे पलटणीत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि हा माणूस गैरहजर आहे अशी नोंद होते. गावात लगेच ‘भगोडा’ म्हणायला सुरुवात झाली असेल. पण त्याच कलमात पुढं लिहिलं आहे की तो माणूस नंतर स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तरच त्याला भगोडा मानायचं. तुमचे यजमान स्वतःच्या पायानं गेले. पळून जाणं वेगळं, उशीर होणं वेगळं. पळून जाण्यात परत न येण्याचा इरादा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1986 सालीच एका कॅप्टनच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. पळून जाण्याचं कलम 38 आहे, शांततेच्या जागी त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम 39 ला तीन वर्षांपर्यंत. म्हणून आरोपपत्र हातात पडलं की यजमानांनी आधी कलमाचा आकडा बघावा. 38 लिहिलं असेल तर ते सोडवण्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे त्यांचं परतीचं रेल्वे तिकीट. ते फेकलं नसेल अशी आशा करतो. मोबाइलवर काढलं असेल तर मेसेज तरी असेलच.

क्वार्टर गार्ड म्हणजे जेल नव्हे. पलटणीच्या दारावरची पहाऱ्याची खोली आहे ती, तिथं आपलीच पोरं ड्युटीला असतात. अटकेतल्या माणसाची चौकशी 48 तासांत सुरू व्हावी असं कलम 102 सांगतं, आणि केस लांबली तर आठ-आठ दिवसांनी वर अहवाल द्यावा लागतो. जेवण, झोप, फोन याची काळजी तुम्ही करत असाल, ती कमी करा. काळजी करायची ती पुढच्या पायरीची.

यजमानांना सीओ साहेबांपुढं उभं करतील, त्याला हिअरिंग ऑफ चार्ज म्हणतात. आर्मी रूल 22 आहे. तिथं साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा, आपले साक्षीदार द्यायचा आणि आपली बाजू सांगायचा पूर्ण हक्क आहे. इथूनच वाटा फुटतात. साहेबांना वाटलं की प्रकरण घरगुती अडचणीचं आहे, तर ते कलम 80 खाली तिथंच निकाली काढू शकतात. कोर्ट मार्शल नाही, काही नाही. साध्या शिपायाला त्यात 28 दिवसांपर्यंत कैद देता येते. तुमचे यजमान नाईक आहेत, एनसीओला, म्हणजे नाईक-हवालदारांसारख्या नॉन कमिशन्ड ऑफिसरला, या कलमाखाली कैद देता येत नाही. सक्त ताकीद, किंवा चौदा दिवसांपर्यंतच्या पगाराचा दंड, असंच काहीतरी येईल. गैरहजर दिवसांचा पगार तर कापला जाईलच, तो धरूनच चाला. तुमच्यासारख्या केसमध्ये न्यायाची वाट मला हीच वाटते, आणि आपली सगळी खटपट या वाटेसाठी असली पाहिजे.

साहेबांना वाटलं की प्रकरण पुढं न्यायचं, तर ते समरी ऑफ एव्हिडन्स लिहायला सांगतात, म्हणजे पुराव्याची लेखी नोंद. ताई, हा शब्द वहीत लिहून ठेवा, कारण पोरं इथंच हरतात. त्यांना वाटतं ही नुसती कारकुनी आहे, खरं काय ते कोर्टात बघू. उलट आहे. साक्षीदारांचे जबाब आरोपीच्या समोर लिहिले जातात, त्यांना प्रश्न विचारता येतात, ती प्रश्नोत्तरं कागदावर येतात. मग आरोपीला सांगितलं जातं की तुला बोलायचं तर बोल, बोललंच पाहिजे असं नाही, पण बोलशील ते लिहिलं जाईल. त्यानंतर तो स्वतःचे साक्षीदार देऊ शकतो. पुढं कोणी कबुली दिली तर कोर्ट हीच फाइल वाचून शिक्षा ठरवतं. सासऱ्यांचं आजारपण या फाइलीत असेल तर ते साहेबांच्या डोळ्यांपुढं राहील, नसेल तर कुणालाच दिसणार नाही. दवाखान्याचे कागद इथं लावायचे, “माझे हे कागद जोडून घ्या” असं तोंडानं म्हणायचं आणि ते म्हटल्याची नोंद करून घ्यायची.

मग कोर्ट मार्शल. कायद्यात चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच ऑफिसर बसतात आणि सोबत जज ॲडव्होकेट म्हणजे कायद्याचा जाणकार असतोच. आपल्या नागपूरजवळ कामठीला सैनिकी कायद्याची संस्था आहे, हे शिक्षण तिथं मिळतं. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये निदान तीन ऑफिसर, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. समरी जनरल हा बहुतेक लढाईच्या दिवसांतला प्रकार. चौथा समरी, जो तुमच्या पुढ्यात आहे. तो फक्त भूदलात आहे, नौदलात नाही, हवाई दलात नाही. इंग्रजांनी हिंदी फौजेसाठी केलेली सोय आपल्याकडं तशीच राहिली. यात सीओ एकटेच न्याय करतात, लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, डिसमिस करू शकतात, आणि निकालाला वरून मंजुरी लागत नाही, अंमल तिथल्या तिथं होतो. म्हणूनच ही तलवार सांभाळून वापरायची आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली स्पष्ट सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे. शिस्तीसाठी ताबडतोब कारवाई करणं भागच असेल तेव्हाच ते घ्यावं. शांततेच्या ठाण्यावर, स्वतःहून हजर झालेल्या माणसासाठी एवढी घाई कसली, हा प्रश्न यजमान नम्रपणे विचारू शकतात. आवाज चढवून नव्हे, लेखी अर्ज देऊन.

सीओ साहेबांबद्दल एक बोलायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांना शत्रू मानतो. मुळीच नाही. मी ज्यांच्या हाताखाली राहिलो त्यातल्या बहुतेकांनी आमच्यावर पोटच्या पोरांसारखी माया केली. कोण रजेवरून येत नाही म्हटलं की चिडायचे, आणि कागद समोर आला की मऊ व्हायचे. आठशे माणसांची पलटण चालवायची तर रजेची शिस्त ठेवावीच लागते, कारण एक जण उशिरा आला की दुसऱ्याची रजा अडकते. तुमच्या यजमानांचे 52 दिवस कुणीतरी त्यांच्या जागी उभं राहून काढलेत, तोही कुणाचा तरी नवरा आहे. हे यजमानांनी साहेबांसमोर स्वतः म्हणावं. मनापासून म्हणावं.

पण चूक होऊ शकते, आणि मोठी होऊ शकते. रणजीत ठाकूर नावाच्या एका सिग्नलमनचा खटला फौजेत सगळ्यांना माहीत असतो. त्यानं साहेबांविरुद्ध वर तक्रार केली होती म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि ती भोगत असताना जेवायला नकार दिला म्हणून 1985 साली समरी कोर्ट मार्शल झालं. एक वर्ष सक्तमजुरी आणि डिसमिस. न्याय करायला बसले तेच साहेब, ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार होती. 1987 साली सर्वोच्च न्यायालयानं सगळं रद्द केलं. ज्याच्याशी वाद आहे त्यानंच न्यायाला बसायचं नाही, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी, ही दोन्ही तत्त्वं त्या निकालानं फौजेला लागू केली. यजमानांचा साहेबांशी आधी काही वाद झाला असेल तर तो आत्ताच लेखी सांगायला हवा. तुमच्या पत्रात तसं काही नाही, बरं आहे.

कोर्ट होणारच असेल तर आरोप कळल्यापासून सुनावणीपर्यंत निदान 96 तास मिळाले पाहिजेत. ॲक्टिव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे लढाईच्या, जागी 24 तास, पण तुमच्या यजमानांचं ठाणं तसं नाही. आरोपपत्राची आणि समरी ऑफ एव्हिडन्सची प्रत मागून घ्यावी. समरी कोर्टात रूल 129 प्रमाणे मदतीला एक माणूस घेता येतो, ‘फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड’ म्हणतात त्याला. तो वकीलही असू शकतो. फक्त तो कोर्टात बोलू शकत नाही, साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारू शकत नाही, कानात सांगू शकतो, प्रश्न सुचवू शकतो. मग पंजाबात वकील नेण्याचा खर्च करावा का? माझं मत, आत्ता नको. पलटणीतला एखादा समजूतदार ऑफिसर किंवा सिनियर जेसीओ यजमानांनी मागावा. कागद वाचणारा, घाई न करणारा. मोठ्या कोर्टात, म्हणजे जनरल किंवा डिस्ट्रिक्टमध्ये, वकील उभा राहून बोलू शकतो, तेव्हा पैसे खर्च करण्यात अर्थ असतो.

आणि कबुलीची वेळ आली तर? रूल 115 प्रमाणे, आरोपी गुन्हा कबूल म्हणाला तरी कोर्टानं त्याला त्याचा अर्थ समजावून सांगायचा असतो, आणि पुरावा बघता कबुली चुकीची वाटली तर मागं घ्यायला सांगायचं असतं. कबुलीवर आरोपीची सही लागते. ज्या सहीचा अर्थ कळत नाही ती सही करायची नाही. यजमानांनी वाक्य पाठ करून ठेवावं. हिंदीतच सांगावं लागेल तर असं : “साहब, मैं लेट आया, यह सच है. लेकिन वजह थी, वजह के कागज़ साथ हैं. गुनाह कबूल नहीं.” यात उद्धटपणा काही नाही.

आता तुम्हाला न आवडणारं बोलतो. 52 दिवसांचा हिशेब मी मांडून बघितला. 28 दिवस दवाखाना, 13 दिवस सुतक आणि कार्य, 2 दिवस प्रवास. या त्रेचाळीस दिवसांना कारण आहे आणि ते कागदानं सिद्ध होतं. उरलेले नऊ दिवस वारसनोंदीचे आणि उसाचे. ऊस चुलत दिरानं तोडला असता, वारसनोंद पुढच्या रजेत झाली असती. पावतीवर खोटी तारीख लावून ते नऊ दिवस आजारपणात घुसवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, दवाखान्यातून मागची तारीख आणून देणारेही भेटतील. ते करू नका. एक खोटा कागद निघाला की खऱ्या एकतीस दिवसांवरचाही विश्वास जातो, आणि खोटा कागद हा वेगळा गुन्हा होतो. नऊ दिवस चुकले, हे सांगावं. बाप गेल्यावर डोकं ठिकाणावर नव्हतं हेही सांगावं, कारण तेही खरं आहे. एखाद्या केसमध्ये कबुली देऊन दया मागणं शहाणपणाचं ठरतं, हे मी नाकारत नाही. पण मग आधी ते त्रेचाळीस दिवस फाइलीत बसलेले हवेत, आणि शिक्षेआधी बोलायची संधी मिळते तेव्हा ते वाचून दाखवायला हवेत.

पेन्शनीचं विचारलंत. जवानाला पेन्शनीसाठी 15 वर्षं भरावी लागतात. तुमच्या यजमानांना एक वर्ष आठ महिने कमी आहेत. वीस महिने. ज्यांनी ‘कबूल कर आणि मोकळा हो’ म्हटलं त्यांनी हे वीस महिने मोजले नाहीत. डिसमिस झालेल्या माणसाला मागच्या सगळ्या नोकरीची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही, राष्ट्रपतींच्या नावानं खास मंजुरी आली तरच काही, आणि ती क्वचित येते. माजी सैनिक म्हणून मिळणारं पुढचं सगळंही जातं. म्हणून माझ्या हिशेबानं तुमची भीती जागा चुकली आहे. तुम्ही जेलला घाबरता आहात. महिना-दोन महिन्यांची कैद झाली आणि नोकरी राहिली, तर घर सावरतं. एनसीओला कैद झाली तर फीत उतरते, नाईकाचा शिपाई होतो, ते दुःख मोठं, पण वीस महिने भरता येतात. लढायचं आहे ते ‘डिसमिस’ या एका शब्दाशी. यजमानांना विचारा, आधीची लाल शाईची नोंद, म्हणजे मोठ्या शिक्षेची नोंद, आहे का? तेरा वर्षं स्वच्छ असतील तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं. आधीच्या दोन-तीन नोंदी असतील तर मला परत लिहा, मग गोष्ट अवघड आहे.

दिरांना सांगा, साध्या कोर्टात ही केस येत नाही. रजेपेक्षा जास्त राहणं हा फक्त फौजी कायद्यातला गुन्हा आहे, जिल्हा न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. त्यांच्या डोक्यात कदाचित नौदलाच्या कमांडर नानावटींचा खटला असेल, 1959 सालचा, तो मुंबईच्या सेशन कोर्टात चालला. तो नागरिकाच्या खुनाचा आरोप होता. भूदलातही तसंच आहे, नागरिकाचा खून किंवा बलात्कार असेल तर शांततेच्या काळात खटला नागरी कोर्टाकडं जातो. तुमच्याकडं तसलं काही नाही, देवाची कृपा.

निकाल वाईट लागला तरी वाट संपत नाही. समरी कोर्टाची फाइल कलम 162 प्रमाणे वरच्या कमांडरकडं जाते आणि ते शिक्षा कमी करू शकतात किंवा रद्द करू शकतात. कलम 164 खाली अर्ज करता येतो. आणि डिसमिस किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडं, म्हणजे एएफटीकडं, अपील आहे. हे 2009 पासून सुरू झालं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, आणि नोकरीतून निघालेला माणूस आपल्या राहत्या जागेच्या खंडपीठात जाऊ शकतो. म्हणजे साताऱ्याच्या माणसाला दिल्ली गाठायची गरज नाही. त्याच्याही वर हायकोर्टाचा दरवाजा उघडा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली पक्कं केलं. आमच्या उमेदीच्या काळात यातलं एएफटी नव्हतं. डिसमिस झालेली पोरं हायकोर्टाच्या तारखांवर म्हातारी झाली. पण अपिलात वर्षं जातात, म्हणून आत्ताची फाइल भक्कम करणं हेच खरं काम. कोर्टाच्या कामकाजाची प्रत मागायचा हक्क आहे, निकालाच्या दिवशीच मागायची.

तालुक्याच्या त्या दोन लाखवाल्याला एक रुपया देऊ नका. त्याच्या हातात काही नाही. पलटणीतली फाइल त्याला दिसतही नाही. शिक्षा हलकी झाली तर ‘मी केलं’ म्हणेल, जड झाली तर फोन उचलणार नाही. फौजी घरांच्या अडचणीवर जगणारी ही माणसं बघितली की माझं रक्त तापतं. तुमच्या अंगावर सोनं असेल ते तसंच राहू द्या.

आता तुमचं काम. ते उद्याच सुरू करा, कारण यजमान आत आहेत आणि कागद बाहेर आहेत, ते गोळा करणारं माणूस तुम्हीच.

दवाखान्यात जाऊन ॲडमिट केल्याचा कागद, रोजच्या बिलांच्या पावत्या आणि मृत्यूच्या वेळची समरी घ्या. सगळ्यांवर तारीख आणि शिक्का हवा. शक्य असेल तर डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या की पेशंटजवळ मुलगा होता. मृत्यूदाखला. रेशनकार्डाची प्रत, त्यावरून घरात कोण कोण आहे ते दिसतं. यजमानांनी दवाखान्यातून पलटणीत कुणाला फोन केला, मेसेज टाकला, ते मोबाइलमध्ये असेल. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज पुसू नका, मोबाइल बदलू नका. कंपनीच्या हवालदाराला “बापूंना आयसीयूत ठेवलंय” असा एक मेसेज गेला असेल, तर तो सोन्यासारखा आहे.

मग साताऱ्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि घरच्या परिस्थितीचा अर्ज द्या. तिथून पलटणीला पत्र गेलं की त्याला वजन असतं, सरपंचाच्या पत्राला तेवढं नसतं. सरपंचाचं आणि पोलीस पाटलाचंही घ्या, पण त्यावर अवलंबून राहू नका.

सीओ साहेबांना तुमच्या हातानं एक पत्र लिहा. एक पान पुरे. रडगाणं नको, तारखा हव्यात. बाप केव्हा पडला, केव्हा गेला, घरात कोण कोण आहे, नऊ दिवस का थांबले, आणि तेरा वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. खाली सही आणि मोबाइल नंबर. पलटण मराठा असेल तर मराठीत चालेल, मिसळ असेल तर हिंदीत लिहून घ्या, आणि मराठी कागदांसोबत त्यांचं हिंदी जोडा. न कळलेला कागद कुणी वाचत नाही. सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स काढून एक संच साहेबांना, एक यजमानांना, दोन्ही स्पीड पोस्टानं. मूळ कागद घरातून हलवायचे नाहीत. पोस्टाच्या पावत्या त्याच पिशवीत.

यजमानांचा पुढचा फोन आला की मुलांचं सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा, कारण फोन कधी बंद होईल सांगता येत नाही : आरोपपत्रावर कलम कोणतं, समरी ऑफ एव्हिडन्स लिहून झाली का, आणि आधीची लाल शाई आहे का. समरी ऑफ एव्हिडन्स अजून झाली नसेल तर कागद पोचेपर्यंत थोडा वेळ मागायला सांगा. झाली असेल तर तेच कागद कोर्टापुढं द्यायला सांगा. आणि ते हिंदी वाक्य त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

उत्तरं मिळाली की मला लिहा. कागदांचे फोटो पाठवलेत तर आर्मी नंबर आणि नाव झाकून पाठवा. मी रात्रीचा जागा असतो.